खरी नक्कल

एकतीस वर्षं त्याने दुसऱ्यांनी लिहिलेलं पुन्हा लिहिलं. नोंदणी कचेरीच्या तळघरात नक्कल विभाग होता. तिथे खरेदीखतं, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं यांच्या प्रती करायच्या, मूळ कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून रुजवात करायची, खाली 'खरी नक्कल' असा शिक्का मारायचा आणि सही ठोकायची. 'खरी नक्कल' या शब्दांत काही गंमत आहे, हे त्याला निवृत्त होईपर्यंत कळलं नव्हतं. तेही बायकोने सांगितल्यावर कळलं. विनोद त्याच्यापर्यंत नेहमी असे टपालाने पोचायचे.

कचेरीत त्याला मागून 'मक्षिका' म्हणत. मूळ कागदावर माशी चिरडलेली होती म्हणून दुसरी माशी मारून ती नकलेत त्याच जागी चिकटवणाऱ्या कारकुनाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मक्षिकास्थाने मक्षिका. लोक ती हसण्यासाठी सांगतात. याने ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा गंभीरपणे विचारलं होतं, "पाय कुठल्या बाजूला होते?"

अशा माणसाच्या हातात निवृत्तीनंतर खरोखरच माश्या आल्या, त्या सासऱ्यांमुळे.

सासरे घड्याळजी. बाजाराच्या कोपऱ्यावरचं माणूसभर रुंदीचं दुकान त्यांनी चाळीस वर्षं चालवलं, आणि सुट्टीच्या दिवशी नदीवर जाऊन फ्लाय फिशिंग केलं. म्हणजे गळाला गांडूळ लावून झाडाखाली डुलक्या काढायचा प्रकार नव्हे. बारीक गळावर केस आणि पिसं दोऱ्याने गुंडाळून पाण्यावरच्या किड्यासारखी माशी बांधायची, लांब लवचिक काठीने ती वाहत्या पाण्यावर अलगद टेकवायची, आणि मासा फसला तर फसला. सासूबाई गेल्यावर ते लेकीकडे मागच्या खोलीत राहायला आले. येताना एक ट्रंक, सहा काठ्या आणि जावयाबद्दलचं एक मत घेऊन आले. मत असं, की 'माणूस सरळ आहे.' काठीबद्दल ते असं म्हणत तेव्हा ती स्तुती असायची. जावयाबद्दल म्हणत तेव्हा पुढे बोलण्यासारखं काही नसायचं.

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणतात. हा ग्रह चार वर्षं त्यांच्या खोलीबाहेरून फिरत होता, पण कुणाच्या कुंडलीवर त्याचा काडीचा परिणाम झाला नव्हता. दोघांत दिवसाला साधारण नऊ शब्द व्हायचे. त्यातले चार वर्तमानपत्राबद्दल असायचे.

मग मासेमारीच्या हंगामाच्या शेवटच्या महिन्यात डॉक्टरांनी सासऱ्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पाण्यात एकट्याने उतरायचं नाही, आणि पुढच्या वर्षीपासून उतरायचंच नाही. त्या संध्याकाळी सासरे जेवणाच्या टेबलाशी आले आणि त्यांनी जावयासमोर एक काड्यापेटी ठेवली. आत कापसावर एक राखाडी माशी होती.

"डोळे गेले," ते म्हणाले. "माश्या बांधता येत नाहीत. ही एकच उरलीये. तुम्ही नकला करायचात ना?"

"एकतीस वर्षं."

"मग हिच्या चार करा. शेवटच्या दिवशी जायचं म्हणतोय. लाकूडगिरणीच्या वळणावर एक मोठा आहे." त्यांनी काड्यापेटी बोटाने पुढे सरकवली. "सोबत कुणीतरी लागेल."

त्याने नंतर मोजले. एकोणतीस शब्द होते. तेवढ्यावर तो गळाला लागला. सासऱ्यांना तो मोठा मासा शेवटचा एकदा हवा होता, आणि याला सासऱ्यांकडून 'माणूस सरळ आहे'च्या पुढचं एखादं वाक्य हवं होतं. दोघांत जास्त हावरट कोण, हे सांगणं कठीण होतं.

गळाच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या माणसाने त्याला दारातच ओळखलं. गिऱ्हाईक म्हणून नव्हे, मासा म्हणून. तासाभरात याने माशी बांधायचा चिमटा, चार रंगांची पिसं, छातीपर्यंत येणारी रबरी पँट आणि एकोणीस खिशांचं जाकीट विकत घेतलं. पहिला आठवडा त्या एकोणीस खिशांत चष्मा शोधण्यात गेला. चष्मा डोळ्यांवर होता.

चिमटा जेवणाच्या टेबलाला बसवला गेला. पिसं पाण्याच्या पेल्यात, साखरेच्या डब्यात, बायकोच्या चष्म्याच्या घरात जाऊन बसली. "जन्मभर माश्या मारत बसलात," बायको म्हणाली, "आता बांधत बसा."

पहिली माशी कपाटाखालून निघणाऱ्या गुंतवळासारखी झाली. दुसरी तशीच झाली, फक्त ओली. तिसरीच्या वेळी गळ त्याच्या अंगठ्यात रुतला. समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी तो काढून दिला आणि "हंगामातला पहिला मासा. अभिनंदन," असं म्हणाले. हा विनोद मात्र त्याच्यापर्यंत ताबडतोब पोचला.

मग त्याने कलाकार व्हायचा नाद सोडला आणि कारकून झाला. भिंग आणलं, वही आखली, मूळ माशीची नोंद केली. शेपटीला सात केस. अंगावर दोऱ्याचे वेढे बावीस. मानेशी पिसाचे फेरे पाच. उजवा पंख पूर्ण, डावा अर्धा. एकदा कागदावर उतरल्यावर ती माशी त्याच्यासाठी वाटणीपत्राइतकी सोपी झाली. दोन आठवड्यांत चार झाल्या, आणि त्या मूळ माशीशेजारी ठेवल्यावर त्याने स्वतःच्या खांद्यावर मनातल्या मनात थाप मारली.

सासऱ्यांनी एकेक माशी तळहातावर घेऊन अंगठ्याने चाचपली. अक्षर त्यांना वाचता येत नसे. आकार आणि हालचाल तेवढी दिसायची.

"डावा पंख अर्धा का?"

"मुळात तसाच आहे."

"मुळात तो माशाने खाल्लाय."

त्याने भिंग उचललं आणि परत खाली ठेवलं.

"चारही?" सासऱ्यांनी विचारलं.

"चारही."

सासऱ्यांच्या नाकातून एक आवाज आला. त्याचा काहीही अर्थ होऊ शकत होता. "असू देत," ते म्हणाले, आणि काड्यापेटी खिशात घालून गेले. शेरा नापसंतीचा नव्हता, हे त्याने वहीत लिहून ठेवलं.

पाण्यात सोबत उभं राहायचं तर काठीने दोरी फेकता यायला हवी. म्हणून एका सकाळी इमारतीमागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांच्या पलीकडे, सासऱ्यांनी त्याला ती फेकून दाखवली. गळाऐवजी दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधला होता. हा उलट्या बादलीवर बसून वहीत उतरवून घेत होता. काठी मागे जाते, दोरी मागे सरळ होईपर्यंत माणूस थांबतो, मग काठी पुढे येऊन एकदम थबकते, आणि दोरी हवेत उलगडत जाऊन खाली उतरते. एवढ्या वयाचा माणूस इतका हलका दिसू शकतो, याचं त्याला नवल वाटलं. आणि अगदी शेवटी, लोकर गवतावर टेकायच्या क्षणी, सासऱ्यांचं मनगट तीनदा बारीक थरथरलं. ती थरथर काठीच्या टोकापर्यंत गेली, दोरीतून पुढे गेली, आणि लोकरीचा तुकडा जिवंत असल्यासारखा हलला.

हीच ती गोम, असं त्याला वाटलं. पुस्तकात न मिळणारी, चाळीस वर्षं नदीत उभं राहिल्यावर मिळणारी. सासऱ्यांनी तीनदा फेकलं आणि तीनदा तेच झालं. वहीत त्याने लिहिलं, 'शेवट. मनगट कंपन, तीन, बारीक. महत्त्वाचं.' खाली दोन रेघा मारल्या.

आठवडाभर तो रोज सकाळी अंगणात उतरला. दोरी कधी बायकोच्या साडीत अडकली, कधी स्वतःच्या कानात. फेक काही सुधारत नव्हती, पण कंपन मात्र झकास जमू लागलं. हंगाम संपायला चार दिवस उरले तेव्हा त्याने सासऱ्यांना बघायला बोलावलं. ते मागच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. दातांचे डॉक्टर गाडी काढायला आले होते, तेही थांबले.

त्याने सगळं क्रमाने केलं. दोन्ही बाजूंनी पँट वर ओढली, 'हं' म्हणाला, खोकला, काठी मागे नेली, थांबला, पुढे आणली, आणि शेवटी मनगट तीनदा थरथरवलं. दैव इतकं दुष्ट, की नेमकी तीच एक फेक चांगली पडली.

डॉक्टर खो खो हसले. "वा! सासऱ्यांची काय नक्कल करता हो! हातसुद्धा तस्सा!"

"आठवडाभर मेहनत घेतोय," तो लवून म्हणाला.

पायऱ्यांवरून सासरे वळले आणि आत गेले. मागच्या खोलीची कडी लागल्याचा आवाज अंगणापर्यंत आला.

कुठे माशी शिंकली, हे त्याला समजेना. चार माश्या स्वतः बांधलेल्या माणसावर अशी वेळ यावी हे जरा लाजिरवाणंच होतं. जेवायला सासरे आले नाहीत. बायको ताट आत ठेवून आली आणि स्वयंपाकघरात त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबांची नक्कल केलीत तुम्ही?"

"केली ना. छान जमली."

"चारचौघांसमोर?"

"डॉक्टर एकटेच होते."

बायकोने हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. ती चिडली की आवाज न करता भांडी ठेवायची. "त्यांचे हात कापतात, अहो. तीन वर्षं झाली. कप दोन्ही हातांनी धरतात ते कशासाठी? बटणांचे शर्ट सोडून दिले ते कशासाठी? डोळ्यांचं ते सगळ्या जगाला सांगतात. हातांचं त्यांनी मलासुद्धा कधी सांगितलं नाही, मी बघून गप्प बसते. आणि तुम्ही अंगणात उभं राहून त्यांना वेडावून दाखवता?"

तो खुर्चीवर बसला. कागदाची करतो ती नक्कल आणि माणसाची करतात ती नक्कल, हा एकच शब्द आहे हे त्याच्या डोक्यात आजवर आलंच नव्हतं. घड्याळजीचे डोळे गेले तर लोक हळहळतात. हात गेले तर त्याच्याकडे कुणी घड्याळ देत नाही. चार वर्षं एका टेबलाशी जेवून त्याला ते हात दिसले नव्हते, आणि माशीच्या शेपटीतले सात केस दिसले होते. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. भिंग घेऊन जन्म काढला आणि बघितलं काय, तर केस.

त्याने बंद दारापाशी जाऊन माफी मागितली. संध्याकाळी पुन्हा मागितली. दुसऱ्या दिवशी लेखी मागितली आणि दाराखालून आत सरकवली. सासऱ्यांना वाचता येत नाही, हे चिठ्ठी आत गेल्यावर आठवलं. नऊ शब्दांचे आता शून्य झाले होते. बायकोने सांगितलं, की बाबांनी काठ्या पिशवीत घालून पिशवी तिच्याकडे शिवून टाकायला दिली आहे. नदीवर जायचं नाही म्हणतात.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्याने वही उचलली, एक खुर्ची ओढत नेली आणि मागच्या खोलीच्या दाराशी बसला. दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला, "रुजवात करायची राहिलीये. कचेरीत एकजण वाचतो आणि दुसरा चुका काढतो. मी वाचतो. चुकलं तर सांगा."

त्याने कचेरीच्या सुरात वाचायला घेतलं.

"एक. पँट दोन्ही बाजूंनी वर ओढणे, आधी डावी. दोन. समोर बघून 'हं' म्हणणे. तीन. हलका खोकला. चार. काठी मागे. पाच. दोरी सरळ होईपर्यंत थांबणे, त्या वेळात खालचा ओठ दाताखाली. सहा. काठी पुढे, खांद्याच्या रेषेत थबकणे. सात. दोरी उतरताना हनुवटी किंचित वर." त्याने पान उलटलं. "आठ. शेवट. मनगट कंपन, तीन, बारीक. महत्त्वाचं. खाली दोन रेघा मारल्यात, बाबा. मला वाटलं ती युक्ती आहे. माशी जिवंत वाटावी म्हणून तुम्ही मुद्दाम करता. इतक्या वर्षांत तुम्ही हेच कमावलं असणार, असं वाटलं. म्हणून आठवडाभर तेवढंच घोटलं मी. बाकीचं अजून एक येत नाही."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"खोकला नाही तो," आतून आवाज आला.

"काय?"

"तीन नंबर. खोकला नाही. शिवी आहे. दुरुस्त करा."

त्याने खिशातून पेन्सिल काढली. "कुठली?"

सासऱ्यांनी सांगितली. एकतीस वर्षांत असला मजकूर त्याच्या हातून लिहिला गेला नव्हता, पण त्याने तो ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून लिहिला. मग कडी निघाली.

"पिशवी उसवून ठेव," सासरे दारातून लेकीला म्हणाले. "सकाळी निघायचंय."

लाकूडगिरणीच्या वळणावर पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि थंडगार होतं. तो रबरी पँट आणि एकोणीस खिसे घेऊन उतरला, तिसऱ्याच पावलाला घसरला, आणि नदीचा बराचसा भाग खिशांत भरून उभा राहिला. सासऱ्यांचा कोपर त्याने धरला होता. कोण कुणाला सावरतंय, हे काठावरून बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

माशी त्यानेच बांधून दिली. सासऱ्यांनी पँट ओढली, 'हं' म्हणाले, ती शिवी दिली आणि काठी चालवली. दोरी सुरेख उलगडली. माशी झाडाच्या मुळांजवळ टेकली आणि थरथरली. पाण्याखालून एक काळसर सावली वर आली, माशीखाली थांबली, आणि परत फिरली.

"आला?"

"आला होता. बघून गेला."

दहा-बारा वेळा तसंच झालं. सावली यायची, थरथर बघायची आणि जायची. शेवटी सासऱ्यांनी काठी खाली केली. "हातच पळवतोय त्याला," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी घरात कधी उच्चारला नव्हता. "घ्या. तुम्ही टाका."

त्याने काठी घेतली. "कंपनासकट की कंपनाशिवाय?"

"शिवाय," सासरे म्हणाले. "मासा हवाय मला, स्मारक नको."

पहिली फेक मागच्या झुडपाला लागली. दुसरी त्याच्याच टोपीला. तिसरी नीट गेली, मुळांजवळ उतरली, आणि माशी टेकता टेकता त्याचं मनगट तीनदा थरथरलं. त्याने पुन्हा फेकलं. पुन्हा तीन. दात आवळून, मनगट दुसऱ्या हाताने धरून फेकलं, तरी दोन झालेच. घोटून बसवलेलं आता निघेना. नकलेतली माशी काढायची कशी, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"हललं?" सासऱ्यांनी विचारलं. माशाची सावली त्यांना दिसायची, माशीएवढं बारीक तिथून दिसत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

"हललं."

"किती?"

"तीन."

सासरे हसायला लागले. इतके, की त्यांना याच्या जाकिटाला दोन्ही हातांनी धरावं लागलं, आणि मग हाही हसायला लागला, आणि दोघं गुडघाभर पाण्यात एकमेकांना धरून हेलकावे खात राहिले. ती सावली पुन्हा काही आली नाही. गिरणीचा भोंगा वाजला तेव्हा उन्हं उतरली होती आणि हंगाम संपला होता.

काठावरच्या दगडावर बसून सासऱ्यांनी श्वास घेतला. हसू ओसरल्यावर त्यांचा चेहरा एकदम थकलेला दिसला. "एक सांगतो," ते म्हणाले. "तीन वर्षांत एक लागलेला नाही. लेक विचारते, लागला का? मी म्हणतो, लागला, पण सोडून दिला. आमच्यातले पुष्कळ जण पकडून सोडतातच. बरं असतं, पुरावा मागत नाही कुणी."

"म्हणजे खोटं?"

"म्हणजे खोटं," सासरे म्हणाले. "हा लागला असता तर तेवढं तरी खरं झालं असतं."

त्याने काठ्या पिशवीत घातल्या, खिसे एकेक करून उलटे केले, आणि दोघं हळूहळू घरी आले.

दार बायकोने उघडलं. नवऱ्याच्या ओल्या अवताराकडे तिने बघितलं, मग वडलांकडे.

"लागला का?"

सासऱ्यांनी खिशातला हात बाहेर काढला. लेकीच्या डोळ्यांदेखत तो कापत होता. त्यांनी तो जावयाच्या खांद्यावर ठेवला आणि भार दिला.

"यांना लागला," ते म्हणाले. "चांगला मोठा होता. सोडला त्यांनी."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला एकदाही धड खोटं बोलता आलं नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं. "खरंच?"

"खरंच," तो म्हणाला.

ती बाजूला झाली. सासऱ्यांनी उंबऱ्यापाशी बुटाचा पाय पुढे केला, आणि तो नाड्या सोडायला खाली बसला.